‘कुठेच नंबर लागला नाही म्हणून फिलॉसॉफी’ : एका फॉरवर्डला उत्तर

निकालाचे दिवस आले की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे तिघांकडून आला. शेवटचा आला एका विद्यार्थिनीच्या वडिलांकडून. मुलगी बीएस्सी झाली आहे आणि तिला आता तत्त्वज्ञानात एमए करायचं आहे. मजकुराखाली त्यांनी लिहिलं होतं, “मॅडम, पोट्टी हुशार आहे. तिचं नुकसान होऊ नये, येवढंच.”

मजकुरात पाच गोष्टी आहेत. ज्याला कुठेच प्रवेश मिळत नाही तो फिलॉसॉफी घेतो. या लोकांचं संशोधन म्हणजे जुनी पुस्तकं उगाळणं, विज्ञानाशी त्याचा काही संबंध नसतो. नीती आई-वडील शिकवतात, तिच्यात पीएचडी करणं हा वेळेचा आणि सरकारी पैशाचा अपव्यय आहे. आपल्याकडचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पाश्चात्त्यांची नक्कल करतात. आणि शेवटी, नोकरी नाही.

हा विषय मी बावीस वर्षं शिकवते आहे. गेली काही वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवरही बसते. त्या वडिलांना फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा मजकूर वाचून पोरांची वाट बदलणारे आई-बाप मी पाहिले आहेत.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक येतात तरी कुठून? विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी तत्त्वज्ञांपैकी एक असलेला लुडविग विटगेनस्टाइन बर्लिनला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला. १९०८ साली तो मँचेस्टरला विमानविद्येवर काम करायला गेला आणि १९११ मध्ये त्याला विमानाच्या एका नव्या पंख्याचं पेटंट मिळालं. त्या पंख्याचं गणित सोडवताना त्याला प्रश्न पडला की गणित स्वतः कशावर उभं आहे. तो प्रश्न घेऊन तो केंब्रिजला तर्कशास्त्रज्ञ बर्ट्रांड रसेलकडे गेला. इंजिनिअरिंग जमलं नाही म्हणून त्यानं ते सोडलेलं नव्हतं. पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये नव्हतं, म्हणून त्याला पुढे जावं लागलं. माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी असा एखादा मुलगा किंवा मुलगी येते. बीएस्सी, बीई, एकदा तर बीएएमएस झालेली मुलगी आली होती. त्यांना मी नापास झालेल्यांच्या रांगेत उभं करू शकत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्लची डॉक्टरेट गणितातली. ‘पॅराडाइम’ (विचाराची चौकट) हा शब्द आज मॅनेजमेंटच्या कार्यशाळांमध्ये सर्रास ऐकू येतो. तो ज्यानं रूढ केला त्या थॉमस कूनची डॉक्टरेट हार्वर्डची, १९४९ सालची, भौतिकशास्त्रातली. तत्त्वज्ञ होण्याआधी कार्ल यास्पर्स मनोविकारतज्ज्ञ होता आणि अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सकडे वैद्यकाची पदवी होती. आपल्या देशात विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर लिहिणारे सुंदर सरुक्कई भौतिकशास्त्रातून आले आहेत. लोकमान्य टिळकांची बीए गणितातली. मंडालेच्या तुरुंगात बसून गीतेवर लिहिताना त्यांनी मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन या सगळ्यांची नीतिशास्त्रं तपासली. कर्म कसं करावं याचं उत्तर गीतेतून देताना युरोपातल्या माणसांनी त्याच प्रश्नाला काय उत्तर दिलं ते पाहिल्याशिवाय त्यांनी पान उलटलं नाही.

उलट दिशेचा रस्ताही आहे. बिमलकृष्ण मतिलाल कोलकात्याच्या संस्कृत कॉलेजात नव्यन्याय, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राची नंतरच्या काळातली परंपरा, शिकवत, तर्कतीर्थ ही परंपरागत पदवी त्यांच्याकडे होती. तिथून ते हार्वर्डला गेले, १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. चौदाव्या शतकातल्या मिथिलेच्या गंगेशानं ‘अभाव’ या कल्पनेवर केलेला विचार त्यांनी आधुनिक तर्कशास्त्राच्या भाषेत मांडला. टेबलावर घागर नाही, हे मला ‘दिसतं’ म्हणजे नेमकं काय दिसतं, असा तो प्रश्न. त्याच मतिलालांनी महाभारतातल्या धर्मसंकटांवर एक परिषद घडवली आणि त्या निबंधांचं पुस्तक १९८९ मध्ये संपादित केलं. जुनी पुस्तकं ‘उगाळणं’ असं ज्याला म्हटलं जातं ते हे आहे.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर त्यातच बरंचसं आलं. एक भर घालते. ज्या संगणकावर हा फॉरवर्ड टाइप झाला त्याच्या मुळाशी असलेलं तर्कशास्त्र गॉटलोब फ्रेगे, रसेल अशांनी रचलं. त्यांना गणिताची पायाभरणी करायची होती, यंत्र बनवायचं नव्हतं. संगणकशास्त्राचा पाया घालणारा ॲलन ट्युरिंग १९३९ मध्ये केंब्रिजला विटगेनस्टाइनच्या तासांना बसत असे आणि त्याच्याशी वाद घालत असे. माझं एवढंच म्हणणं आहे की विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांच्यात भिंत आहे हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र कबूल करते. आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी निघणारे काही प्रबंध खरोखर वाचवत नाहीत. कुणा संताच्या विचारातली मूल्यं, दोन विचारवंतांची तुलना, शेवटी उपसंहार, आणि प्रश्न कुठेच नाही. ते लिहून घेणारे आम्हीच आहोत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तेच पाहिलं असेल तर त्याचा राग मला समजतो.

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. नीती आई-वडील शिकवतात, मग नीतिशास्त्राला संशोधन कशाला?

आई-वडील नीती शिकवतात, खरंच आहे. आपल्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या आई-वडिलांनी मुलांना हेही शिकवलं की अमक्याच्या हातचं पाणी पिऊ नये. प्रेमानं, संस्कार म्हणून शिकवलं. घरात शिकवलेली नीती नीती आहे का, हे तपासायला घराबाहेर उभं राहून विचार करणारं कुणीतरी लागतं. बाबासाहेब कोलंबियात होते ते १९१३ ते १९१६. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय, पण जॉन ड्युईसारख्या तत्त्वज्ञाच्या तासांनाही ते बसले. १९५६ च्या ऑक्टोबरात याच शहरात त्यांनी जो धम्म स्वीकारला त्याची मांडणी करताना त्यांनी नीती मध्यभागी ठेवली, पूजाअर्चा नाही. दीक्षाभूमीच्या गावात राहून नीतीचा अभ्यास म्हणजे अपव्यय असं म्हणताना थोडं थांबायला हवं.

पण मला एथिक्स कमिटीबद्दल सांगायचं आहे, कारण तिथे काय होतं हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. माणसांवर कुठलंही वैद्यकीय संशोधन करायचं असेल तर आधी या समितीची परवानगी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. डॉक्टरांबरोबर एक कायदा जाणणारा, एक सर्वसामान्य नागरिक आणि एक समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा नीतिशास्त्रज्ञ अशी खुर्ची असते. त्या खुर्चीवर मी बसते.

आमच्याकडे एकदा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा प्रस्ताव आला. विदर्भात हा आजार किती आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे रुग्ण, ‘एएस पॅटर्न’ म्हणजे ज्याच्याकडे एकच दोषी जनुक आहे असा, बहुधा ठणठणीत माणूस. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, असं सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. प्रस्ताव चांगला होता, डॉक्टर मंडळी तळमळीची होती.

मराठी संमतीपत्रात एएससाठी शब्द होता ‘रोगवाहक’. मी विचारलं, हा शब्द वाचून गडचिरोलीतल्या एखाद्या गावातल्या बाईला काय समजेल? डास रोगवाहक असतो. दूषित पाणी रोगवाहक असतं. ज्या मुलीला काहीच झालेलं नाही, जिच्यापासून शेजारच्या मुलीला काहीही होणार नाही, तिला आपण लेखी कळवतो आहोत की तू रोग वाहून नेतेस. त्या शब्दावर पाऊण तास गेला. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, “मॅडम, वैद्यकीय शब्द आहे, त्यात भावना आणू नका.” मी म्हणाले, “सर, तो कागद डॉक्टरसाठी नाही.” शेवटी त्या जागी तीन साधी वाक्यं आली : तुम्हाला आजार नाही, तुमच्यापासून कुणाला तो लागत नाही, जोडीदारही एएस असेल तर मुलाला आजार होऊ शकतो.

त्याहून अवघड प्रश्न पुढे होता. निकाल सांगायचा कुणाला? अर्जात लिहिलं होतं, ‘कुटुंबास कळवण्यात येईल.’ मुलगी एकोणीस वर्षांची. कुटुंब म्हणजे कोण? वडील? उद्या लग्न जुळवताना मुलाकडचे तिच्या तपासणीचं कार्ड मागतील, मुलीकडच्यांनी मुलाचं मागितलं तर चालेल का? दोघांपैकी एकाकडे दोषी जनुक नाही असं निघालं, मग तो मुलगा असो की मुलगी, तर दुसऱ्यानं तपासणी टाळली तरी चालतं हे जनुकांच्या हिशेबात खरं आहे, कारण धोका दोघं मिळून होतो. मग सगळा भार मुलीच्या कार्डावरच का येतो? तपासणीचा हेतू मूल वाचवण्याचा, आणि परिणाम मुलीचं लग्न मोडण्याचा, तर आपण कुठे उभे राहतो? याचं उत्तर कुठल्याही तपासणीच्या रिपोर्टात येत नाही. ते आई-वडिलांच्या शिकवणुकीतही नाही, कारण इथे आई-वडील स्वतःच प्रश्नाचा भाग आहेत. व्यक्तीची स्वायत्तता, हित करणं, अहित टाळणं आणि न्याय, अशी चार तत्त्वं टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस या दोघांनी १९७९ साली मांडली. जगभरच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या चर्चेत ती आज वापरली जातात. बीचम तत्त्वज्ञानाचा, चिल्ड्रेस धर्माभ्यासाचा. ती तत्त्वं समोर ठेवून आम्ही ठरवलं : निकाल आधी फक्त त्या व्यक्तीला, समुपदेशकासमोर, आणि पुढे कुणाला सांगायचा हे ती ठरवेल.

मेरी वॉर्नॉकचं उदाहरणही सांगते, कारण ते मला नेहमी बळ देतं. ऑक्सफर्डची तत्त्वज्ञानाची अभ्यासक, सार्त्र आणि कल्पनाशक्ती यांवर लिहिणारी, मध्ये काही वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. टेस्ट ट्यूब बेबीनंतर ब्रिटिश सरकारनं १९८२ मध्ये मानवी भ्रूणाबद्दल नियम सुचवायला समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद या बाईंना दिलं. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवू नये ही मर्यादा त्या समितीनं १९८४ मध्ये सुचवली. साधारण त्याच सुमारास भ्रूणात शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेषा दिसू लागते आणि तो दुभंगून जुळं होण्याची शक्यता संपते, म्हणजे ‘हा एक जीव’ असं म्हणण्याला काही आधार मिळतो. १९९० मध्ये त्याचा कायदा झाला. आपल्या देशातल्या मूलपेशी (स्टेम सेल) संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच १४ दिवसांची रेषा आहे.

चौथा मुद्दा, नक्कल. अमळनेरला प्रताप शेठ या गिरणीमालकानं १९१६ साली तत्त्वज्ञानाचं मंदिर उभारलं, साने गुरुजी काही काळ तिथे शिकायला होते. १९८३ मध्ये पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे या तत्त्वज्ञांच्या पुढाकारानं इंग्रजीतून शिकलेले प्राध्यापक आणि संस्कृतातून शिकलेले पंडित समोरासमोर बसले. विषय होता विधान म्हणजे काय याबद्दलचा रसेलचा सिद्धांत, चर्चेची भाषा संस्कृत. पंडितांनी रसेलच्या सिद्धांताला नैयायिकांचे, म्हणजे भारतीय न्यायशास्त्राच्या अभ्यासकांचे, प्रश्न विचारले. नागपूरचे म्हणून आपण ज्यांचा अभिमान बाळगावा ते सुरेंद्र बारलिंगे भारतीय तर्कशास्त्रही लिहीत होते आणि मराठीतून सौंदर्यशास्त्रही. आणि दि. य. देशपांडे. निवृत्तीनंतर, १९९० साली, त्यांनी इथूनच ‘आजचा सुधारक’ सुरू केलं. आगरकरांचं नाव पुढे नेणारं, विवेकवादाला वाहिलेलं मासिक. कठीण तत्त्वज्ञान सोप्या मराठीत सांगता येतं हे मी त्यांच्या लेखांतून शिकले. विवेकवाद युरोपातून आला असेल, पण दि. यं.नी तो आपल्या रूढींवर चालवून दाखवला.

उरला पाचवा, नोकरीचा. इथे मी त्या वडिलांशी खोटं बोलले नाही. महाविद्यालयांतल्या कायम जागा कमी आहेत, भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेली हुशार मुलं तासिका तत्त्वावर शिकवतात. ते पैसे घर चालवण्याइतके नसतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे, एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. या वाटा खऱ्या आहेत, पण त्यातली एकही वाट हमखास नाही.

म्हणून मुलीला मी सुचवलं ते असं : एमए कर, आणि त्याबरोबर तुझं बीएस्सीचं संख्याशास्त्र सोडू नकोस. संमतीपत्र वाचता येणारा माणूस समितीला हवा असतो, आणि त्याच कागदातले आकडे वाचता येणारा फार विरळा मिळतो. वडिलांनी विचारलं, “दोन वर्षांत नाही जमलं तर?” मी म्हटलं, “भाऊ, बीएस्सी तिची कुठे जात नाही.” पुढच्या शनिवारी दोघंही विभागात येणार आहेत. मुलीनं विचारलं आहे की सिकलसेलचं ते संमतीपत्र वाचायला मिळेल का. आधीचं आणि दुरुस्त केलेलं, दोन्ही काढून ठेवायची परवानगी मी समितीकडे मागितली आहे.