ओबीडी चिपने डिझेल गाडीची ताकद वाढते का? एक खुलासा

सोलापुरात सध्या असा संदेश फिरत आहे की, हजारभर रुपयांची चिप ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतील बिघाड तपासायच्या जोडणीत) खोचली की जुन्या स्विफ्ट डिझेलची ताकद ३० टक्क्यांनी वाढते. हे खरे नाही. अशा अनेक स्वस्त चिपांत केवळ दिवे लुकलुकवणारे सर्किट असते. १२४८ सीसीच्या या इंजिनाची ७५ पीएस ताकद खरोखर वाढवायची, तर ईसीयूमधील (इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकातील) इंधनाचे प्रमाण आणि टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाचा) दाब बदलावा लागतो, आणि त्याचा भार क्लचवर व टर्बोवर पडतो. आपल्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात तर ही जोखीम मोठीच आहे. पैसे मोजकेच असतील, तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचे होसपाइप तपासून घ्यावेत. ताकद कमी झाल्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.