खुलासा: सॉनी बिल विल्यम्स दोन्ही रग्बींचा विश्वविजेता नाही

न्यूझीलंडच्या सॉनी बिल विल्यम्सने रग्बी लीग आणि रग्बी युनियन, दोन्हींचे विश्वचषक जिंकले, असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धाच खरा. 2011 आणि 2015 चे विश्वचषक त्याने जिंकले, पण ते पंधरा खेळाडूंच्या युनियनचे. तेरा जणांच्या लीगमध्ये न्यूझीलंड 2008 मध्ये जगज्जेता झाला, तेव्हा हा गडी संघात नव्हताच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बुलडॉग्स या लीग क्लबचा करार मोडून तो फ्रान्समध्ये तुलाँ क्लबकडून युनियन खेळायला गेला होता. 2013 मध्ये लीगचा अंतिम सामना तो खेळला, पण ऑस्ट्रेलियाने 34-2 असा धुव्वा उडवला. लीगमधली त्याची खरी विजेतेपदे क्लबची: 2004 मध्ये बुलडॉग्स, 2013 मध्ये सिडनी रूस्टर्स. तीही काही कमी नाहीत.