हात लावू नका म्हणे!

परवा भाचीला घेऊन आपल्या बडोद्यातल्याच एका गॅलरीत गेले होते, नाव लिहीत नाही, उगाच कशाला. तिथं एक इंटरॅक्टिव्ह काम होतं. पडद्यासमोर उभं राहून हात हलवला की कॅमेरा तुमची सावली पकडणार आणि पडद्यावरचे ठिपके त्या सावलीभोवती गोळा होणार, असं पाटीवर लिहिलेलं. आत गेलो तर पडद्याच्या चांगली आठ-दहा फूट अलीकडे दोरी बांधलेली आणि खुर्चीवरचे वॉचमनकाका म्हणाले, "दूरथी जोवानुं, बेन." आता लांबून बघायचं तर कॅमेऱ्याच्या टप्प्यात माणूसच येईना, मग ठिपके बिचारे एका कोपऱ्यात पेंगत पडलेले. भाची म्हणाली, मावशी, हा तर स्क्रीनसेव्हर आहे.

काकांवर राग नाही हो, त्यांना नोकरीला लागल्यापासून एकच सांगितलंय की वस्तूला हात लागता कामा नये. राग त्याच्यावर, ज्यानं ती पाटीही लावली आणि दोरीही बांधली.

खरं तर चित्र कसं बघावं हे बडोदेकरांना शिकवायला नको. राजवाड्याच्या आवारातल्या म्युझियममधले रविवर्मा शाळेच्या सहलीत बघितलेत, कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, एम. एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी तर १९५० पासून इथंच. पण ते सगळं हात मागे बांधून बघायचं. या नव्या कामांचं नेमकं उलटं आहे, तुम्ही काही केलंच नाही तर काम घडतच नाही. 'टेक्स्ट रेन' म्हणून १९९९ चं एक काम आहे, त्यात पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडतो आणि तुम्ही हात आडवा धरला की अक्षरं त्याच्यावर येऊन थांबतात, हात वर नेला की तीही वर. आपल्याकडे मुंबईची कलाकार शिल्पा गुप्ता हिनं २००३ साली लंडनच्या टेट गॅलरीच्या वेबसाइटसाठी केलेल्या कामात नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन तिलाच आशीर्वाद मिळवून आणले होते, म्हणजे साइटवर आलात की तुम्हाला घरबसल्या आशीर्वाद! आमच्या फोनलाइनवरच्या डायलअप इंटरनेटला तेव्हा त्याचीच गरज होती.

पण माझं सगळ्यात लाडकं टेलिगार्डन. १९९५ साली केन गोल्डबर्ग आणि मंडळींनी अमेरिकेत एका छोट्या खऱ्याखुऱ्या बागेच्या मधोमध रोबोटचा हात बसवला आणि लांबलांबच्या लोकांनी ब्राउझरमधून बिया पेरायच्या, पाणी घालायचं. पुढं ते ऑस्ट्रियात लिंझला नेलं आणि २००४ पर्यंत चाललं. तर मला जास्त नवल रोबोटचं नाही वाटत, इतकी वर्षं ते कुणीतरी चालू ठेवलं याचं वाटतं. आपल्याकडे प्रोजेक्टर येतो, रिबन कापतात, फोटो होतात आणि आठवड्याभरात सेन्सर बंद पडला की कुणाला फोन करायचा तेच कुणाला माहीत नसतं. काम विकत घ्यायला पैसे असतात, रोज सकाळी ते चालू करणाऱ्या माणसाला नसतात.

यावर माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं की जाऊ दे ना, रांगोळी नाही का आपण दुसऱ्या दिवशी झाडून टाकत, तसंच समजायचं. नाही पटत मला. रांगोळी पुसली तरी सात ते सात कशी काढायची ते हातात राहतं, फ्लॅशचं, म्हणजे वेबवर हलती चित्रं आणि खेळ करायचं जे सॉफ्टवेअर होतं त्याचं, तसं नव्हतं, तिथं हातच कापून नेला.

सांगते. २००४ साली मल्टिमीडियाच्या कोर्सला मी फ्लॅशमध्ये ठिपक्यांची रांगोळी केली होती. माऊसनं ठिपके जोडत जायचं आणि चुकीचा ठिपका धरलात की दांडिया बाजारच्या घरात स्वस्तातल्या हेडफोनच्या माईकवर रेकॉर्ड केलेला आमच्या आजीचा आवाज यायचा, "चुकलं, पूस बघू." जिच्यात बदल करता येतात ती मूळ एफएलए फाइल ज्या कॉम्प्युटरवर होती तो फॉरमॅट झाला. उरली फक्त एसडब्ल्यूएफ, म्हणजे नुसती चालवून बघायची तयार फाइल, ती एका सीडीवर. २०२० संपता संपता अडोबीनं फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअरच चालेना. गंमत बघा, ओल्या लियालिना या बाईंचं १९९६ चं काम, ज्यात क्लिक करत गेलं की खिडकीच्या खिडक्या होत जातात, ते साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या मूळ भाषेत आहे म्हणून आजही उघडतं. मी जरा भारी करायला गेले आणि फसले.

गॅलरीतून घरी आल्यावर भाचीला हे सांगितलं तर तिनं रफल नावाचा फुकटचा एम्युलेटर शोधला, म्हणजे जुन्या फ्लॅश फाइली चालवून दाखवणारा प्रोग्राम. फ्लॅशच्या जुन्या भाषेतलं, ॲक्शनस्क्रिप्टचं काम म्हणून लगेच चाललं. आता मूळ फाइल नाही म्हणून त्यात मला एकही ठिपका सहज वाढवता येणार नाही, रंग बदलता येणार नाही, जे आहे ते तेवढंच. पण तिनं ते फोनवर उघडलं, म्हणजे माऊस नाहीच, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती रांगोळी बोटानं काढली गेली. पहिल्या दोन ओळी नीट जोडल्या पोरीनं. मग चुकली आणि आजी बोलली. तिनं पणजीला कधी बघितलेलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि पुढचे पाच-सहा ठिपके मुद्दाम चुकवले.