डिश कुठलीही चालते? मग एक थेंब टाकून बघा

‘पेट्री डिश काय नि कल्चर फ्लास्क काय, शेवटी पॉलिस्टायरीनच. “टिश्यू कल्चर ट्रीटेड”, म्हणजे पेशी चिकटाव्यात म्हणून तळावर प्रक्रिया केलेली, ही कंपन्यांची थाप. पेशी धरून ठेवतं ते सीरम, पोषक द्रवात घातलेला रक्तातला प्रथिनयुक्त द्रव. तरीही नाहीच चिकटल्या तर पॉलिलायसिनचा लेप लावा.’ प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या नवख्या संशोधकांमध्ये हा सल्ला सध्या जोरात फिरतोय. तो पुरता खोटा नाही, म्हणूनच जास्त घात करतो.

प्लास्टिक एकच, हे मान्य. पण दोन्ही डिशवर पाण्याचा एकेक थेंब टाका. साध्या डिशवर तो मण्यासारखा फुगून बसतो, ट्रीटेडवर पसरतो. कच्च्या पॉलिस्टायरीनला पाण्याचं वावडं असतं. प्लाझ्मा किंवा कोरोना डिस्चार्ज (विजेने आयनीभूत केलेल्या वायूचा मारा) दिला की वरच्या काही नॅनोमीटरच्या थरात ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट येतात. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही, थेंबाला कळतं.

सीरमचा मुद्दा तर सांगणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. पेशी इंटिग्रिन या आपल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साहाय्याने सीरममधल्या फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन या चिकट प्रथिनांना धरतात, बरोबर. पण ही प्रथिनं तळाला बसणार का, आणि बसली तर कुठल्या आकारात, हे तळच ठरवतो. सीरममध्ये भरमसाट असलेलं अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन साध्या पॉलिस्टायरीनवर आधी जागा अडवतं नि सहजी हलत नाही. मग चार तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) गोल, चकचकीत, डिश कलली की घरंगळणारे. ट्रीटेड डिशमध्ये तेच चपटे, मळकट, पाय पसरलेले.

‘आमच्या तर साध्या डिशमध्येही चिकटल्या!’ मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, असतील. ते कशालाही चिकटतात. सोडवायला सोपे जातात म्हणून अस्थिमज्जेतले मॅक्रोफेज मुद्दाम जिवाणू वाढवायच्या साध्या डिशमध्ये वाढवतात. जुर्कटसारख्या (रक्तातल्या टी-पेशींच्या) तरंगत्या पेशींना तर तळाशी देणंघेणंच नाही.

शिवाय चिकटणं म्हणजे वाढणं नव्हे. फोकमन आणि मॉस्कोना यांनी 1978 मध्ये पॉलिहेमा या पेशींना चिकटू न देणाऱ्या पॉलिमरच्या लेपाची जाडी बदलत नेऊन दाखवलं, की पेशी जितकी कमी पसरते तितकी तिची डीएनए बनवण्याची गती घटते. सीरम पुरेसं असूनही वाढ रखडते ती अशी.

राहिलं पॉलिलायसिन. ते धन प्रभाराच्या जोरावर पेशीचं ऋण प्रभारित पटल खेचून घेतं. इंटिग्रिनमार्फत मिळणारा संकेत ते स्वतः देत नाही. चेतापेशींसाठी उत्तम, पण लेप नीट धुतला नाही तर उरलेलं पॉलिलायसिन त्याच पेशींना मारतं. आणि मग शिव्या सीरमच्या बॅचला पडतात.