शान रॉकच्या कॅसेटी मोडीत काढू नका

‘म्यानमारमधल्या शान लोकांचं जुनं रॉक म्हणजे पाश्चात्त्य चालींवर बसवलेले शब्द. ऐकण्याजोगं होतं ते यूट्यूबवर आलंय, आता त्या बुरशी लागलेल्या कॅसेटी जमवून करायचं काय?’ जुन्या गाण्यांच्या शौकिनांत हा मजकूर खूप फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे, पुढचं घातक.

आधी चालींचं. उसन्या चालींची गाणी होती. बर्मी लोक त्यांना ‘कॉपी तचिन’च म्हणतात. तचिन म्हणजे गाणं. पण स्वतःच्या चालीच्या गाण्यांना तिथे वेगळं नाव आहे, वेगळा मान आहे. शान गायक साई थी साइंग (१९५०–२००८) आणि पेशाने डॉक्टर असलेले गीतकार साई खाम लेइक यांनी सत्तरच्या दशकात मंडालेत ‘द वाइल्ड वन्स’ हा बँड उभा केला, तो अशाच गाण्यांसाठी ओळखला जातो. शिवाय शान भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. परक्या चालीवर त्या भाषेतले शब्द बसवणं हेही सोपं काम नव्हे.

आणि शब्द काय होते? १२ फेब्रुवारी १९४७ च्या पांगलाँग करारात शान, काचिन आणि चिन या डोंगरी प्रदेशांच्या नेत्यांनी, अंतर्गत कारभारात स्वायत्तता मिळेल या बोलीवर, बर्माचे स्वातंत्र्यनेते आँग सान यांच्याबरोबर सह्या केल्या. त्या कराराची आठवण देणारं साई खाम लेइक यांचं गाणं साई साई माव यांनी शान भाषेत गायलं आणि त्यापायी ते तुरुंगात गेले. नक्कल म्हणून हिणवलं जातं ते हे संगीत! १९६२ च्या लष्करी उठावानंतर सरकारी शाळांत शान भाषेला जागा उरली नाही. मग कॅसेट हेच घराघरांत पोचणारं शान साहित्य ठरलं.

‘सगळं यूट्यूबवर आहे’ याचं उत्तर या गायकाच्या नावातच आहे. शान वळणाने ते साई साई माव, बर्मी वळणाने साइंग साइंग मॉ. एकच माणूस दोन नावांनी सापडतो. गीतकार कोण, साल कोणतं, याचा अनेकदा पत्ताच नसतो. ही माहिती शोधायची पहिली जागा कॅसेटच्या आतला कागद, आणि नेमका तोच अपलोड करताना वगळला जातो. आवाजही बहुधा नकलेच्या नकलेवरून घेतलेला. चॅनल बंद पडलं की तोही गेला.

त्यात १९९६ ते १९९८ दरम्यान लष्कराने मध्य शान प्रांतातल्या १,४०० हून अधिक गावांतून सुमारे ३ लाख माणसं हुसकावली. तेव्हा घरातून कॅसेटींचा खोका कोण उचलणार? म्हणून उरलेली एकेक प्रत मोलाची.

बुरशीचं म्हणाल, तर बुरशी लागलेली फीत लगेच प्लेअरमध्ये घालू नका. आधी कोरडी होऊ द्या, साफ करून घ्या. फीत दाबणारा नमद्याचा तुकडा गळाला असेल तर नवा बसवा. प्लेअरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, स्वच्छ करा, त्याच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवत झांजेचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. बऱ्याच ‘खराब’ कॅसेटी इथेच बोलू लागतात. पहिली प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्ह फाइलमध्ये घ्या, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीतून. कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. आणि कॅसेट शान प्रांतातल्या लाशोच्या बाजारात मिळाली, टाउंजीत की थायलंडच्या चियांग माईत, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.