झीज सोडून सगळं काही

जुनी गाडी घेताय ना? मग पेढे नंतर वाटा, आधी सही करा. आरसी ट्रान्सफरच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर नव्हे, त्याला अजून अवकाश आहे. सही करायची ती त्या गुळगुळीत पत्रकावर, ज्याच्या पहिल्या पानावर एक चौकोनी कुटुंब हिरव्यागार घाटात गाडीला टेकून हसत उभं आहे. ह्या पत्रकाला एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात. फोटोतल्या गाडीचं बॉनेट बंद आहे, हेही बघून ठेवा. वॉरंटीवाल्या गाडीचं बॉनेट उघडायचं नसतं. उघडलं की 'अनधिकृत हस्तक्षेप' होतो.

हा सल्ला मी पुस्तकं वाचून देत नाहीये. माझी गाडी २०१६ ची, पेट्रोल, ४ लाख २५ हजारांची, 'सिंगल हँड, डॉक्टरची गाडी'. आपल्याकडे विकायला येणाऱ्या जुन्या गाड्यांत डॉक्टरांच्या गाड्या इतक्या असतात की ही मंडळी पेशंट कधी तपासतात असा प्रश्न पडतो. उरलेल्या गाड्या बँक मॅनेजरच्या, नाहीतर 'मॅडम फक्त मुलांना शाळेत सोडायच्या' ह्या वर्गातल्या.

तर सौदा ठरला, चहा आला, आणि विकणाऱ्या पोरानं आवाज खाली आणला. "सर, ही घेतली की एक वर्ष डोक्याला ताप नाही. रोजचे फक्त ४८ रुपये. दोन वडापाव धरा."

तुम्हीही दोन वडापावच धरा. गुणाकार करू नका. मी केला होता: १४,९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १७,६९८ रुपये ८२ पैसे. पण तोवर त्यानं पुढचं वाक्य टाकलं होतं. "हप्त्यात ॲड करतो सर, कळणारसुद्धा नाही." आणि खरंच कळलं नाही. पाच वर्षांच्या कर्जात १४ टक्क्यांनी ते महिन्याला ४१२ रुपये होतात, ६० महिने. म्हणजे वॉरंटी एक वर्षाची, तिचे हप्ते पाच वर्षांचे, आणि फेड साधारण २४,७०० रुपयांची. लग्न मोडल्यावरही चार वर्षं मंडपवाल्याचं बिल भरत राहावं, तसं.

ह्या टप्प्यावर एक प्रश्न तुमच्या जिभेवर येईल, तो गिळा. "तुम्ही म्हणता गाडी २०० ठिकाणी तपासून घेतलीय, इंजिनाला पाच वर्षं हात लावावा लागणार नाही. मग वॉरंटी कशाला?" मी विचारला. पोरगं जराही गडबडलं नाही. "सर, मशिनरी आहे. कधी काय होईल सांगता येतं का?" पाच मिनिटांपूर्वी पाच वर्षांचं भविष्य त्यानंच सांगितलं होतं. असल्या माणसाशी वाद घालू नये, सही करावी.

ओळखीच्या मिस्त्रीला तर चुकूनही बरोबर नेऊ नका. तो हजार रुपये घेतो आणि तासाभरात आनंदावर विरजण घालतो. सकाळी इंजिन थंड असतानाच जाऊ म्हणतो, कारण गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून गरम ठेवली की थंड इंजिनाचा खडखडाट लपतो. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवतो; बोटाला पांढरट लोण्यासारखं काही लागलं की ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, उतरतंय का, अशी शंका काढतो. दाराचं रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे आहेत की गॅरेजचे, ते बघतो. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे शोधतो, म्हणजे गाडी आधी कुठं ठोकली होती का ते कळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर खेचतो. तुम्ही-आम्ही बेल्ट छातीपुरता ओढतो. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळक्या चिखलाची रेघ असते, ती ह्या माणसाला दिसते.

ती रेघ कुठून येते, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. अशा पावसात बुडालेल्या गाड्या पाण्याबरोबर समुद्राला मिळत नाहीत. त्या धुतल्या जातात, पुसल्या जातात, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटते, आणि दुसऱ्या गावी त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या होतात. पण मिस्त्रीनं हे आधीच सांगितलं तर तुम्ही गाडीच घेणार नाही, आणि गाडीच नाही घेतली तर वॉरंटी कशावर घेणार? म्हणून म्हणतो, हजार रुपये वाचवा.

आता अकरावं पान. ते वाचायचं नसतं, मी फक्त कुतूहल म्हणून वाचलं, तेही सही केल्यावर आठ महिन्यांनी. पान चारवर काय काय वॉरंटीत येतं ते मोठ्या अक्षरात आहे. पान अकरावर काय येत नाही ते आहे, अक्षर औषधाच्या पाकिटातल्या चिठ्ठीएवढं. इंजिन येतं, त्यातलं ऑइल, फिल्टर, गॅस्केट येत नाही. गिअरबॉक्स येतो, क्लच प्लेट येत नाही. ब्रेक येतात, ब्रेक पॅड येत नाहीत. सस्पेन्शन येतं, त्यातली रबरी बुश येत नाहीत. देऊळ वॉरंटीत आहे. घंटा, समई, तेल आणि देव वगळून.

ह्या पानावरचा राजा शब्द म्हणजे 'नैसर्गिक झीज'. आठ वर्षं चाललेल्या गाडीत न झिजलेला भाग बहुधा स्टेपनीच्या खाली ठेवलेला जॅक असतो, आणि तो यादीत नाही. पुढचा शब्द 'आधीपासून असलेला दोष'. ह्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत तुमचा क्लेम बसवायचा असतो: भाग घेताना चांगला असला पाहिजे, नंतर न झिजता, न घासता, न तापता, स्वतःच्या मनानं एकदम मेला पाहिजे. तोसुद्धा पहिले ३० दिवस सोडून.

उंदरांचंही कलम आहे. 'मूषक वा अन्य प्राण्यांनी केलेली हानी' वगळलेली. पावसाळ्यात पार्किंगमध्ये उंदीर बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात, आमच्या सोसायटीत त्यावर तंबाखूच्या पानांपासून डांबराच्या गोळ्यांपर्यंत सगळे उपाय झालेत. कंपनीची भूमिका मला पटते. गणपतीच्या वाहनानं तुमचं वाहन खाल्लं, तर तो दोन वाहनांमधला आपसातला मामला आहे.

मी अकरावं पान का वाचलं, तेही सांगतो. मे महिना, साताऱ्याला लग्न, मागच्या सीटवर पैठणी नेसलेल्या सासूबाई. खंबाटकी घाट चढताना आधी कुठून तरी 'कुईंऽऽ' असा आवाज आला, मग जळक्या रबराचा वास, मग एसीतून भट्टीची हवा. एसी बंद केला, काचा खाली केल्या. घाटातल्या ट्रकांचा धूर सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेऊन सोसला आणि एवढंच म्हणाल्या, "वॉरंटी आहे ना रे?" मी छाती फुगवून हो म्हणालो. १७,६९८ रुपये ८२ पैशांपैकी निम्मे तरी त्या एका क्षणी वसूल झाले असतील.

परत आल्यावर फोन केला. पान चारवर स्पष्ट छापलं होतं: एसी कॉम्प्रेसर, समाविष्ट. पहिली अट, गाडी त्यांनीच सांगितलेल्या गॅरेजात न्यायची. दुसरी, मंजुरीशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. तिसरी, दोष शोधायला खोलावं लागलं आणि क्लेम नामंजूर झाला, तर खोलायची मजुरी गिऱ्हाईकाची. चौथी, आजवरच्या सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं. डॉक्टरांची बिलं मिळवायला मी एजंटाच्या मागे चार दिवस फिरलो. मिळाली तेव्हा कळलं की डॉक्टरांचं कपड्याचं दुकान आहे.

आठव्या दिवशी तपासणीवाला आला. नीट माणूस, हातात टॅब, प्रत्येक कोनातून फोटो. मग अहवाल. त्यातला तर्क मी आजही मनातल्या मनात उगाळतो, इतका तो घट्ट विणलाय. एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या कंडेन्सरला रस्त्यावरचा खडा लागून सुईएवढं भोक पडलं. त्यातून गॅस गेला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल फिरत असतं, तेही गेलं. ऑइल नाही म्हणून कॉम्प्रेसर जाम झाला. तेव्हा कॉम्प्रेसर बिघडलेला नाही, बिघडवला गेलाय, आणि बिघडवणारा खडा हे 'बाह्य कारण'. बाह्य कारण वॉरंटीत येत नाही. त्यासाठी मोटार विमा असतो.

विमा कंपनी म्हणाली, खडा लागला असेल तर कंडेन्सरचं बघू. पण कॉम्प्रेसर जाम होणं हा यांत्रिक बिघाड, तो विम्यात येत नाही. त्यासाठी वॉरंटी असते.

दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हतं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. कलमाला कलम बरोबर जुळत होतं आणि मधली चिंचोळी मोकळी जागा बरोबर माझ्या कॉम्प्रेसरएवढी होती. अशी फिटिंग मी आजवर कुठल्याही गॅरेजात पाहिली नाही.

शेवटी आमच्याच मिस्त्रीनं नाना पेठेतून दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर आणला, कंडेन्सर बदलला, गॅस भरला. साडेचौदा हजार. जाताजाता म्हणाला, "साहेब, कंडेन्सरच्या पुढं दीडशे रुपयांची जाळी लावली असती तर?" हे बघा, म्हणूनच मिस्त्रीला नेऊ नका म्हणत होतो.

आता काही चिकित्सक लोक तुम्हाला भेटतील. ते म्हणतील, सगळ्या वॉरंट्या सारख्या नसतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी अजून चालू असेल आणि गाडीबरोबर तुमच्या नावावर होत असेल, तर तशी गाडी चार पैसे जास्त देऊनही घ्यावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो असेल, तर एका बिघाडाचं बिल लाखाच्या घरात जातं, तिथं वॉरंटीचा विचार तरी करावा, पण एका क्लेमला किती मर्यादा आहे ते बघून. साधी पेट्रोल हॅचबॅक असेल, तर तेच सतरा हजार वेगळ्या खात्यात टाकावेत आणि त्याला वॉरंटी म्हणावं. ह्या वॉरंटीत उंदीर, खडा, झीज सगळं येतं आणि वर्षअखेरीस उरलेले पैसे परत मिळतात. पावसात इंजिनात पाणी जाण्याची भीती असेल, तर विम्यातच इंजिन प्रोटेक्ट जोडून घ्यावं. असल्या लोकांच्या नादी लागू नका. त्यांच्याकडे ना गुळगुळीत पत्रक असतं, ना चौकोनी कुटुंबाचा फोटो.

मी तक्रार का केली नाही, असंही लोक विचारतात. सोय उत्तम आहे. १९१५ ह्या नंबरावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फीसुद्धा नाही. वकीलही सक्तीचा नाही. १९१५ ला फोन लावला, तक्रार नोंदवली, कंपनीचं उत्तर आलं, सोबत अकराव्या पानाची प्रत. आयोगात जायचं तर तारखांना हजेरी लावायची. त्यात चपला झिजतात, आणि झिजेबद्दलचं त्यांचं धोरण आपण पाहिलंच.

मागच्या आठवड्यात दुपारी जेवायला बसलो होतो, तेव्हा फोन आला. गोड आवाज. "सर, तुमच्या वॉरंटीची मुदत संपलीय. रिन्यूअलला तुम्हाला खास २० टक्के सवलत आहे."

"मलाच का?" मी विचारलं.

"सर, सिस्टिममध्ये दिसतंय ना. गेल्या वर्षभरात तुमचा एकही क्लेम मंजूर नाहीये. अशा ग्राहकांना आम्ही नो-क्लेम बोनस देतो."

भाताचा घास हातातच राहिला. पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

"हप्त्यात ॲड करू का, सर?"