नाईलवर एक निवांत (म्हणे) सहल

नाईल क्रूझच्या माहितीपत्रकावर डेकवरच्या आरामखुर्चीत पहुडलेला एक माणूस हमखास असतो. हा कोण, कुठल्या ग्रुपबरोबर आलाय आणि त्याला पहाटे चार वाजता कोणी उठवत कसं नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही.

लक्झर ते अस्वान हे नदीतलं अंतर जेमतेम पुणे-नाशिकइतकं. तरी त्याला तीन रात्री लागतात, कारण बोट थोडी चालते आणि पुष्कळ थांबते. थांबली की देऊळ. ऊन चढण्याआधी देऊळ गाठायचं, म्हणून पहाटे फोन खणखणतो. आमचा इजिप्शियन गाईड हाडाचा विद्वान होता, पण बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवट 'यल्ला, यल्ला'वरच. म्हणजे चला, आटपा.

लक्झरच्या कर्नाक मंदिराच्या सभामंडपात १३४ खांब आहेत. मधले बारा तर एकवीस मीटर उंच. मान वर करून ते बघावेत तर तेवढ्यात ग्रुप पुढे गेलेला. पुढे पवित्र तलावाकाठी दगडी भुंगेरा आहे. त्याला सात फेऱ्या मारल्या की भाग्य उजळतं, असं गाईड म्हणाला आणि आमच्यातल्या नाशिकच्या काकूंनी पदर खोचला. पण त्या दिवशी तिथली सगळी गर्दी डावीकडून फिरत होती. "अहो, ही उलटी प्रदक्षिणा आहे, मी नाही घालणार," असं म्हणून काकू एकट्या विरुद्ध दिशेने निघाल्या. दुसऱ्या फेरीला एक स्पॅनिश कुटुंब अडकलं, तिसऱ्या फेरीला ते कुटुंबच वळून काकूंच्या मागे लागलं. सातव्या फेरीपर्यंत निम्मं युरोप सव्य फिरत होतं.

खोलीच्या भल्यामोठ्या खिडकीतून नाईल दिसेल, असं सांगितलं होतं. दिसते, बोट चालू असेल तोवर. धक्क्याला जागा कमी, म्हणून बोटी एकीला एक चिकटून उभ्या करतात. मग पडदा सरकवावा तर दोन हातांवर पलीकडच्या बोटीतले गृहस्थ दात घासत असतात. किनाऱ्यावर जायचं तर चार बोटींच्या लॉबीतून पार व्हायचं. सगळीकडे तोच संगमरवर, तीच झुंबरं. आमच्यातले एक काका परतताना तिसऱ्याच बोटीवर चहा पिऊन आले. "आपल्यापेक्षा बरा होता," एवढंच म्हणाले.

एस्नाच्या जलपाशापाशी (म्हणजे बोटींना वरच्या पातळीच्या पाण्यात चढवणाऱ्या दरवाजांपाशी) मात्र बोटींची रांग लागते आणि थांबावंच लागतं. मी खुर्ची पकडली आणि खालून आरोळी आली, "इंडिया! अमिताभ बच्चन!" होड्यांतले विक्रेते आमच्या बोटीला दोर बांधून टेबलक्लॉथ आणि गलाबिया (तिथले पायघोळ झगे) प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर भिरकावत होते. नेम अचूक. पहिली पिशवी माझ्या पोटावर. पसंत पडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे. आमच्या हिचं बाजारशिक्षण तुळशीबागेतलं, पण तिथे दुकानदार समोर असतो. इथे तो तीन मजले खाली, पाण्यात. घासाघीस ओरडूनच करायची. दोनशे पौंडांचा क्लॉथ ऐंशीवर आला. तेवढ्यात हिने तो उलटून पाहिला, म्हणाली "शिवण उसवलीय," आणि परत फेकला. त्याने झेलला आणि हात जोडले.

एडफूचं ससाणादेव होरसचं मंदिर इसवी सनपूर्व २३७ मध्ये सुरू होऊन ५७ मध्ये पुरं झालं. एकशेऐंशी वर्षांच्या कामाला आम्हाला सव्वा तास मिळाला. त्यातही टांगेवाल्याचं बक्षिसासाठीचं मौन फार बोलकं. कोम ओम्बोला संध्याकाळी पोचलो. एकाच देवळाचे दोन भाग, दोन गाभारे, एक होरसचा नि एक मगरदेव सोबेकचा. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ओळीने मांडलेल्या. ते बघून खोलीत येतो तो पलंगावर एक पांढरी मगर, डोळ्यांवर माझा वाचायचा चष्मा. खोली आवरणाऱ्या पोराने टॉवेलची केली होती. हिची किंकाळी पलीकडच्या बोटीतल्या दात घासणाऱ्यांनाही ऐकू गेली असावी.

अस्वानहून अबू सिंबेल. पहाटे तीनला उठून, डब्यातला नाश्ता मांडीवर घेऊन, वाळवंटातून जवळजवळ तीनशे किलोमीटर. दुसऱ्या रामसेस राजाचे वीस-वीस मीटरचे चार पुतळे समोर आले आणि आमचा अख्खा ग्रुप, भडंगाची पिशवी हातात धरून, खरोखर गप्प झाला. गाईड सांगत होता, धरणाच्या पाण्यात हे बुडणार होतं, म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये अख्खा डोंगर कापून, मंदिराचे तुकडे करून पासष्ट मीटर वर आणून जसंच्या तसं जोडलं.

काकूंनी सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "एवढं उचललंच होतं, तर तसंच अस्वानपर्यंत नाही का आणायचं?"

गाईडने घड्याळ पाहिलं. "यल्ला, यल्ला."